पहिल्या हिवाळ्याचा मका

माझी धाकटी बहीण लुएला मुलांसाठी पुस्तकं लिहिते, आणि त्या पुस्तकांत आमचे बाबा कधीच चुकत नाहीत. प्रत्यक्षात ते दिवसाआड चुकायचे. पण हे मी कुणाला सांगायला जात नाही. घरात एक लेखिका पुरे.

या खेपेला प्रकाशकांनी तिच्याकडे घराण्याची हकिकत मागितली होती. कुठून आलात, नेब्रास्कातला पहिला हिवाळा कसा काढलात, सगळं. शेवटी आईनं सही करायची, की हे खरं आहे. त्या काळात मोठी असलेली आमच्यात ती एकटीच उरली होती, वय चौऱ्याऐंशी. लुएला लिंकन शहरातून मोटार चालवत आली, टोपी न काढताच स्वयंपाकघरात बसली आणि वाचायला लागली. मी शेंगा सोलत होते.

“घरातलं पीठ संपलं. बाबा बर्फातून तीन दिवस चालत गेले आणि पाठीवर मक्याचं पोतं घेऊन आले...”

वाचलं फार छान. शेंगा सोलायच्या मीसुद्धा विसरले, आणि मला तर पक्कं ठाऊक होतं की बाबा कुठंही गेले नव्हते.

आई म्हणाली, “छान आहे गं. कुणाच्या घरची गोष्ट?”

“आपल्याच, आई.”

“आपल्या घरी मका या थर्झामुळे आला. सहा वर्षांची होती ही. खेळता खेळता हिचा पाय जमिनीत गेला, पार गुडघ्यापर्यंत.”

तो मका पॉनी लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासी जमातीचा होता. नदीकाठचं त्यांचं गाव हिवाळी शिकारीला दूर जाई, तेव्हा वाळवलेला मका आणि घेवडा पेवात पुरून, वरून माती सारखी करून ठेवी. बाबांनी ते पेव उकरलं आणि आम्ही थंडी सरेपर्यंत त्यावर जगलो. घरात त्याला ‘थर्झाचं नशीब’ म्हणत. त्यापायी माझे पुष्कळ लाड झाले.

“हे मी मुलांच्या पुस्तकात कसं घालू?” लुएला म्हणाली. “आठ-नऊ वर्षांची पोरं वाचतात, आई.”

“तू तीन वर्षांची होतीस. आणखी दे म्हणून रडायचीस. मुलाला ते खाता आलं, तर मुलाला ऐकताही येईल.”

“पण बाबांचं नाव...”

“बाबा गेले. मीही आज ना उद्या जाईन. खोट्यावर सही करून नाही जायचं मला.” आईनं पेन तिच्याकडे परत सरकवलं.

“थर्झा, तू तरी समजाव हिला.”

मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिले. लुएलाच्या पुस्तकांना मी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, पण साठ वर्षांत हे मीही कुणापाशी काढलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

माझ्याकडून मदत नाही असं पाहून लुएलानं टोपी काढली. लिहिलेली पानं उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. “बरं, सांग. पुढं काय झालं?”

“बर्फ वितळल्यावर ते लोक परत आले. एक बाई नीट पेवापाशी गेली, वाकून आत बघितलं. मग आपल्या दाराशी येऊन उभी राहिली. मी उंबऱ्यात, तू माझ्या कडेवर. तुझ्या हातात मक्याच्या भाकरीचा तुकडा. ती एक शब्द बोलली नाही.”

“दिसायला कशी होती?”

आई म्हणाली, “मी मान वर केलीच नाही गं. पायांकडे बघत मागं सरकले, तेवढं आठवतं. मग दार बंद झालं.”

लुएला लिहायची थांबली. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी शेंगांची परात बाजूला ठेवली.

“तिच्याबरोबर एक मुलगी होती,” मी म्हणाले. “माझ्याच वयाची. हाडं वर आली होती तिची. ती बाई आपल्याकडे बघत होती, पण ती मुलगी तुझ्या हातातल्या भाकरीकडे बघत होती, लू. आणि लिहून घे, दार मी लावलं.”