कोऱ्या कापडावरचे पाय

केतकीने काढलेलं अण्णांचं चित्र मी उशीच्या अभ्र्यावर भरलं आणि वाढदिवसाला त्यांना दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासऱ्यांना तीन पाय होते.

ते कोपऱ्यावरून दूध घेऊन आले. "गुडघे दुखत नाहीत," म्हणाले. मी त्यांच्या लेंग्याला तिसरा पाय शिवून दिला.

केतकी सहा वर्षांची आहे. माणूस तिला जसा वाटतो तसा ती काढते. सुलभावन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, तिने एवढे मोठे डोळे काढले की तोंडाला जागाच उरली नाही. ते चित्र मी ॲप्रनवर भरलं. भाऊबीजेला वन्संनी ॲप्रन बांधला आणि माझ्या करंज्यांबद्दल चाललेलं त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. नाकाखाली हनुवटीपर्यंत सपाट कातडी होती.

"आत्याला तोंड काढतेस का?" मी विचारलं.

"काढते. पण हसरं."

वन्संनी फोनवर लिहून दाखवलं : मला माझं पूर्वीचंच हवं. मग त्यांनी कात्री घेतली आणि ॲप्रनवरचा एक टाका उसवला.

केतकीची डावी भुवई गेली.

"आई, इथे गार लागतंय," ती म्हणाली.

"भुवईच आहे," माझा नवरा श्रीरंग म्हणाला. "येईल परत. ताईच्या तोंडाचं काय?"

वन्संनी दुसरा टाका उसवला. केतकीची करंगळी गेली.

मी ॲप्रन ओढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला बांधला.

"दे तो इकडे."

"देणार नाही."

भिंती एक पाऊल पुढे आल्या. श्रीरंगने पुन्हा मागितला, मी पुन्हा नाही म्हटलं. भिंती आणखी सरकल्या. दार खिडकीएवढं झालं. अण्णा तिन्ही पाय पोटाशी घेऊन पलंगावर बसले. "सूनबाई," ते म्हणाले, "देऊ नकोस."

केतकीने माझंही चित्र काढलं होतं, पांढऱ्या कापडावर. स्वतःलाच भेट कशी द्यायची, म्हणून ते भरायचं राहिलं होतं. त्यात घर माझ्या कोपरापर्यंत येत होतं. मी सुईत हिरवा दोरा ओवला.

"ते भरू नकोस," श्रीरंग म्हणाला. "शेजारचे काय म्हणतील?"

मी डोक्यापासून सुरुवात केली. केस झाले तेव्हा पंखा वाकला. खांदे झाले तेव्हा कौलं घसरून अंगणात पडली. माझ्या तोंडावर ऊन आलं. मी केतकीला उचलून तळहातावर घेतलं आणि भरत राहिले, कमरेपर्यंत. तिथे चित्र संपत होतं. त्याखाली कापड कोरं होतं, आणि त्याखाली मीही नव्हते.

खालून श्रीरंग ओरडत होता, तो मला डासाएवढा ऐकू येत होता.

"आई, तुझे पाय राहिलेत," केतकी म्हणाली. "कसे काढू?"

"चालणारे काढ."

तिने चार बोटांत पेन्सिल घट्ट धरली आणि कापडावर टेकवली.