विजयमालेची विचारपूस

पहिली लढाई सरकारनं जिंकली त्या साली साताऱ्यात एका हवालदाराला मुलगी झाली, म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं तिचं नाव ठेवलं विजयमाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती आष्ट्याजवळच्या गावात आली आणि सासूनं दारातच नाक मुरडलं. "एवढं लांबडं नाव? हाक मारून हुईस्तवर म्हस दावं तोडून जाईल!" मग ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, राहीबाई, आणि कारभार उरकला. माहेरचं नाव चपलेसारखं उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. पोरीला विचारतो कोण!

पुढं बाप गेला. या दुसऱ्या लढाईत भाऊ आफ्रिकेत कामी आला, आणि गेल्या मार्गशीर्षात आईही गेली. रडणं ओसरल्यावर एके दिवशी भाकरी थापता थापता राहीबाईच्या ध्यानात आलं, की आता आपल्याला 'विजे' म्हणणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी उरलं नाही. नवरा नाथाजी भला माणूस, पण तो "आगं ए" म्हणायचा. घर माणसांनी गच्च भरलेलं होतं आणि ती त्यात एकटी होती.

तशात कासारीण धोंडुबाई बांगड्या भरताना सहज बोलून गेली, की सांगलीच्या पेठेत हळदीचे एक जैन व्यापारी आहेत, त्यांची सून सातारची, गुणमाला नावाची. राहीबाईनं ते नाव तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. चौथीपर्यंत दोघी एका तरटावर बसलेल्या. गुणमालेच्या सासरच्यांनी तिचं नावही बदललं नव्हतं. नशीब एकेकाचं!

राहीबाईनं ध्यासच घेतला. एकदा, फक्त एकदा, गुणीच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं. हसणाऱ्यानं हसावं, ज्याला दिवसातून दहादा नावानं हाक येते त्याला हे कळायचं नाही.

हळद विकायला नाथाजीची गाडी सांगलीला निघाली, तशी तीही चढून बसली. तो पेठेत माल उतरवू लागला आणि ही विचारत विचारत त्या घरी पोचली.

गुणमाला सोप्यात बसून हळकुंडं निवडत होती. अंगानं भरली होती, पण हसू तेच. राहीबाईनं पदर सारखा केला. नाव सांगून मोकळं व्हायचं सोडून तिला कुठून अवदसा आठवली कोण जाणे!

"वळीख बघू, कोण हाय?"

गुणमालेनं निरखून पाहिलं. लग्नानंतरच्या साली राहीबाईला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडावर खुणा राहिल्या. गुणमालेची नजर त्या खुणांवरून फिरली आणि तिचा चेहरा फुलला.

"अंजे! आगं बया, अंजनाच की तू! तोंडावर देवीच्या खुणा असलेली आमच्यात तू एकटीच हुतीस. वळखणार न्हाई व्हय?"

तिनं कडकडून मिठीच मारली. अंजना त्यांच्याच वर्गातली, मागं बसणारी, अबोल पोर. राहीबाईनं "न्हाई गं" म्हणायला तोंड उघडलं, तोच सासूबाई बाहेर आल्या. "ही माझी सातारची मैत्रीण, अंजना," गुणमालेनं सांगूनही टाकलं. पाट मांडला, साखरेचा चहा आला. रेशनच्या त्या दिवसांत साखरेचा चहा म्हणजे जावयाचा मान. एवढं करणाऱ्या मैत्रिणीला सासूसमोर तोंडघशी कसं पाडायचं? चहा झाला की सांगू, असं राहीबाईनं ठरवलं. चूक ताजी असते तोवर खोडता येते, हे तिला उमगलं नाही.

सासूबाई आत गेल्या. गुणमाला बोलत सुटली होती. बाईंचा दोऱ्यानं बांधलेला चष्मा, अजिंक्यताऱ्यावरची करवंदं, शनिवारी पोरींनी मिळून सारवलेली शाळा.

"सारवताना मी शेणात सपशेल पडले, तुमी सगळ्या फिदीफिदी हसलासा," ती म्हणाली. "एक विजयमाला तेवढी हसली न्हाई. आपला परकर मला दिला आन माझा घाण झालेला नेसून घरी गेली. आईचा मार खाल्ला, पर माझं नाव सांगितलं न्हाई. विजी ती विजीच!"

 ज्यासाठी राहीबाई आली होती ते कानावर पडलं होतं, तेही इतक्या मायेनं. आता सांगायचंच म्हणून तिनं गुणमालेचा हात धरला.

"खरं सांगू अंजे," गुणमाला डोळे पुशीत म्हणाली, "विजी आत्ता दारात आली ना, तर हजार बायकांत वळखीन मी तिला."

राहीबाईनं धरलेला हात हळूच सोडला. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"तुला भेटती का गं ती? कुठं दिलीया?"

"आष्ट्याकडं. भेटती कवातरी."

"बरी हाय न्हवं?"

आजवर जे कुणाजवळ बोलली नव्हती ते परकीचं म्हणून सहज तोंडातून निघालं. "आई गेली तिची. तवापास्नं लय एकटी पडलीया. जिवाभावाचं असं कुणीच न्हाई तिला."

"आगं माझे बाई!" गुणमालेला रडू फुटलं. "आन मी हितं एवढ्या जवळ! तिला सांग, गुणीनं बोलवलंय. चार दिस ऱ्हायाच्या बोलीनं ये म्हणावं. सांगशील न्हवं?"

"सांगन की."

गुणमालेनं हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि रस्त्यापर्यंत पोचवायला आली.

गाडी परतीच्या वाटेला लागली. पेठ मागं पडल्यावर नाथाजीनं विचारलं, "भेटली का मैत्रीण? काय म्हणली?"

"विजीला बोलवलंय तिनं."

"कोण विजी?" त्यानं बैलांवरची नजर न काढता विचारलं.

राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "हुती एक," ती म्हणाली, "आमच्या शाळंत."