वयाचा रकाना

"एकोणसाठ झाले, ताई. एकच हवाय," अंशुमन कुमुदिनीच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. "बस, एक."

"मागे उभा राहू नकोस. नंबर चुकतो माझा."

नोएडातल्या त्या एफएम स्टेशनवर तिला एकोणीस वर्षं झाली होती. काम फोनचं. श्रोत्याला गाण्याचा सात सेकंदांचा तुकडा ऐकवायचा, पाचांपैकी गुण विचारायचे. अशी वीस गाणी झाली, की शेवटचा प्रश्न: दिवसभर अशीच गाणी लागली, तर चॅनल बदलाल का?

स्टेशन जुनी गाणी वाजवत असे. मालकांना आता नवी हवी होती. शंभरांतले साठ जण 'बदलणार नाही' म्हणाले, तर जुनी राहतील, असं ठरलं होतं. नाही राहिली, तर नव्या गाण्यांची चाचणी मोबाइलवर परस्पर होणार होती. तिथे कुमुदिनीचं काम उरत नव्हतं, आणि जुन्या गाण्यांचा कार्यक्रमप्रमुख म्हणून अंशुमनचंही. श्रोते मात्र पंचवीस ते चव्वेचाळीस वयाचेच धरायचे. त्यापुढची माणसं जाहिरातदारांना नको असत. कुमुदिनी स्वतः त्रेपन्न वर्षांची होती.

नव्याण्णव फोन झाले होते. तिने शंभरावा लावला. सरोजिनी नगरच्या बाजारात कपडे अल्टर करणारे किशोरीलाल. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"उमर?"

"चवालीस लिखिए."

पहिल्या गाण्याला पाच. दुसऱ्याला पाच. सातव्या गाण्याला मशीन थांबली.

"ये तो हमारी बारात में बजा था जी. सन नब्बे में. बैंडवाले को दो बार बजवाया था."

कुमुदिनीने मनातल्या मनात वजाबाकी केली.

"मास्टरजी, नौ साल की उमर में बारात?"

पलीकडून हसू आलं. "पकड़ लिया आपने. अट्ठावन का हूँ. पिछली बार सच बोला था, तो आपने 'धन्यवाद' बोलकर फोन रख दिया. मैंने सोचा, अबकी बार पूछ तो लेंगे."

ते 'धन्यवाद' तिचंच होतं. दिवसातून पंचवीस-तीस वेळा ती ते म्हणत असे, तेही गोड आवाजात.

तिने रकान्यातले चव्वेचाळीस पुसून अठ्ठावन्न टाकले. नोंद लाल झाली आणि पडद्यावर सूचना आली: फोन संपवा.

"अरे ताई!" अंशुमन दबक्या आवाजात म्हणाला. "ते स्वतः म्हणाले ना चव्वेचाळीस? आपण कुठे खोटं लिहिलं असतं?"

तिने फोनवर हात ठेवला. "मला कळलंय आता."

"यार, तुमची पण नोकरी आहे!"

"माहितीय रे."

तिने हात काढला, एक कोरा कागद पुढे ओढला. "हाँ मास्टरजी. आठवाँ गाना सुनिए."

वीसही गाणी झाली. एका गाण्याला त्यांनी दोनच गुण दिले. गाणारा नाकात गातो, म्हणाले. चॅनल बदलाल का, यावर म्हणाले, "हाथ में कैंची रहती है जी, कौन बदलेगा?"

अंशुमन तोवर खिडकीशी जाऊन उभा राहिला होता.

तिने पुढचा नंबर लावला. इशिता, वय एकोणतीस, गुरुग्रामला कॅबमध्ये होती. मुलगी नीट ऐकून, विचार करून गुण देत होती. तीन, चार, तीन. शेवटच्या प्रश्नाला जरा थांबली.

"गाने अच्छे हैं, आंटी. पर दिनभर? बदल दूँगी. सॉरी हाँ."

"सॉरी क्यों, बेटा? आपने सही बताया," कुमुदिनी म्हणाली. या वेळी 'धन्यवाद' म्हणायला तिला किंचित वेळ लागला.

शंभर पुरे झाले. एकोणसाठ.

तिने अहवाल छापला, पानं जुळवली. अंशुमन येऊन शेजारच्या खुर्चीत बसला. मग ती सगळ्यात शेवटी हाताने लिहिलेला कागद लावू लागली, तेव्हा म्हणाला, "हे कोणी वाचणार नाही, ताई."

"नसतील वाचत."

तिने कागदाच्या कडा ठोकून सारख्या केल्या, पिन मारली, आणि वरच्या कोपऱ्यात घालायचा राहिलेला क्रमांक घातला. एकशे एक.