घरटी एक खांदा

शिसवाडीत कुणी अंथरुणाला खिळलं की गावानं त्याला उचलून खाली न्यायचं, हा रिवाज. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट अशी की चढताना देव आठवतो आणि उतरताना गुडघे. पावसाळ्यात मधला ओढा भरला की दोन्ही आठवतात. तिथं गाडी येत नाही. वाघ मोजणारेसुद्धा चालत येतात. म्हणून कांबळ्याची झोळी करायची, ती वेळूच्या जाड दांडीला बांधायची आणि घरटी एक खांदा द्यायचा. ज्या घराला खांदा देता आला नाही, त्यानं देवापुढं एक नारळ ठेवायचा. कुणी बाजाराला गेला असेल, कुणी पाहुण्याकडं अडकला असेल, अशा विचारानं जुन्या माणसांनी ही सोय केली होती. त्यांना गोवा माहीत होता. गोव्यात फ्रीज बिघडतात हे माहीत नव्हतं.

परशू हा वाडीचा बुधवंत, म्हणजे गावप्रमुख. या पदाला पगार नाही, पेन्शन नाही. भांडण झालं की दोन्ही बाजूंच्या शिव्या पहिल्यांदा ऐकायचा मान तेवढा आहे. काही वर्षांपूर्वी कौशल्य शिकवणारी माणसं आली, तेव्हा दारोदार फिरून पोरं गोळा केली ती परशूनंच. पहिल्या तुकडीला फ्रीज दुरुस्ती शिकवली. वाडीत फ्रीज नव्हता. वीज होती, पण ती पाहुण्यासारखी, येणार म्हणून कळवायची आणि यायची नाही. पोरं शिकून आली, थोडे दिवस मांडावर, म्हणजे देवळापुढच्या सारवलेल्या जागेत, एकमेकांची तोंडं बघत बसली आणि मग जिथं फ्रीज होते तिथं गेली. दुसऱ्या तुकडीला हॉटेलातल्या पलंगावर चादर कशी घालायची ते शिकवलं. तीही गेली. पुरुष गेले, शेतं गेली नाहीत, म्हणून बहुतेक बायका मागं राहिल्या. गोव्यातल्या बारदेशात राहायला जागा मिळाली त्या तुकारामासारख्यांची घरं कुलूपबंद झाली. देवापुढं नारळांचा ढीग वाढत गेला. देवळात शिरायचं तर आता अंग चोरून शिरावं लागे.

गेल्या उन्हाळ्यात बेंगळूरहून एक ताई आल्या होत्या. कर्नाटकात जन्म का घटले, यावर त्यांचा अभ्यास होता. त्यांनी परशूला विचारलं, "तुमच्या वाडीत मुलं कमी का झाली?"

"नवरे गोव्यात, बायका हितं," परशू म्हणाला. "फोनवरनं न्हाई व्हत ते, बाई."

ताईंनी ते मान खाली घालून लिहून घेतलं.

"आन तुकारामाची तीन पोरं हायत की. तिकडं जलमली. माणूस घटला न्हाई, निस्ता जागा बदलून बसलाय."

तेही त्यांनी लिहून घेतलं. परशूला बरं वाटलं. त्याच्या बोलण्यातलं इतकं कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं.

तर अशा वाडीत परशूनं आपली लेक पहिल्या बाळंतपणाला आणली.

मयूरी नवऱ्यासोबत गोव्यात वेर्ण्याजवळ राहायची. जावई अनिकेत औषधाच्या कारखान्यात खोकी भरायचा. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दवाखान्याची पाटी दिसत असे. फुला, म्हणजे परशूची बायको, म्हणाली होती, "मीच तिकडं जाते. पोरीला या डोंगरात कशाला चढवता?"

"पयलं बाळंतपण माहेराला. बुधवंताच्या लेकीनं रिवाज मोडला तर मी दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

"त्याच तोंडानं. जेवायला येगळं तोंड हाय व्हय?"

पण परशूनं सगळा विचार केला होता. डॉक्टरीणबाईंनी मयूरीला जी तारीख दिली होती, ती नेमकी चतुर्थीच्या आसपासची. चतुर्थीला गोव्यातलं एकूण एक पोरगं गावाला येतं. घरटी एक काय, घरटी तीन खांदे. लेकीला वेणा लागल्या की वीस जण झोळी उचलतील आणि वाटेनं आरत्या म्हणत खाली नेतील. परशूला ही योजना इतकी आवडली की तो ती मयूरीच्या पोटालाही दोनदा सांगून बसला. "चतुर्थीपत्तुर थांब रे बाबा. मामालोक यायचेत."

पोटानं काही कबूल केलं नव्हतं.

चतुर्थीला अजून आठवडा होता. सकाळी मयूरी चुलीपाशी भाकरी थापता थापता वाकली आणि वाकलेलीच राहिली. फुलानं तिला आत नेऊन पोट चाचपलं. वाडीतली निम्मी पोरं फुलाच्या हातावर आली होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून परशूनं बिडी विझवली.

"डोकं खाली न्हाई. पोर आडवं हाय. हे माझ्या हातातलं न्हाई. खाली न्या."

परशू मांडावर धावला आणि त्यानं ढोल बडवला. ढोल वाजला की घरटी एकानं यायचं. बायका आल्या. राखी आली, सुमंगला आली, पलीकडच्या कातळी सड्यावरच्या चार जणी पदर खोचून चिखलाच्या पायांनी आल्या, कारण शेतात तण काढायची बेणणी चालू होती. परशूची नजर त्यांच्यामधून पलीकडं वाटेकडं लागली होती, जणू झाडांमधून कोण येतंय ते बघावं तशी. तिकडून लखू आला. लखू साठीच्या पुढचा, उजवा खांदा रानडुकरानं निकामी केलेला. मग महाबळेश्वर आला. हा तिशीतला, राखीचा दीर. त्याला वॉचमनचं शिक्षण मिळालं होतं, म्हणजे उभं कसं राहायचं ते शिकवलं होतं. तो ज्या कारखान्यापुढं उभा राहायचा तो बंद पडला, म्हणून तो सध्या वाडीत उभा असे.

"तीन झालो," परशू म्हणाला.

"माझा अर्धा धर," लखू म्हणाला.

अडीच खांद्यांवर ओढा ओलांडता येत नाही. पूर्वी आठ जण निघायचे, दोघं वाहायचे, सहा जण दम खायचे. परशूनं फोन काढला आणि तो देवळामागच्या कातळावर चढला, कारण सिग्नल तिथंच येई, तोही डावा पाय उचलून धरला तर. त्यानं आधी अँब्युलन्सला फोन लावला. डांबरी सडकेवर येऊन थांबतो, म्हणाले. मग अनिकेतला. तो निघाला, पण वेर्ण्याहून यायला दुपार सरणार. मग परशूनं एका पायावर उभा राहून पोरांना एकामागून एक फोन लावले, कारण कोण जाणे, कुणी आजच निघालं असेल, कुणी घाट चढून अणशीपर्यंत पोचलं असेल.

तुकारामाचा धाकटा भाऊ निखिल लिफ्टमध्ये होता. "काका, मी लिफ्टीच्या टपावर हाय. खाली उतरलो की फोन करतो."

"किती येळ?"

"लिफ्टच बंद हाय, काका. तीच दुरुस्त करायलोय."

दुसरा म्हणाला, रजा चतुर्थीची टाकलीय, आज कोण देणार. तिसरा रडायलाच लागला. त्याला समजावण्यात वेळ गेला. चौथा म्हणाला, "काका, पैशे पाठवतो फोनवर. माणसं लावा."

"माणसं म्हंजे तुमीच की रे," परशू म्हणाला. पलीकडं नुसतं मशीन घरघरत राहिलं.

तो कातळावरून उतरला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बायका मांडावर तशाच उभ्या होत्या. फुलानं मधल्या काळात झोळी बांधली होती, मयूरीला तीत निजवलं होतं आणि देवापुढचे पाच-सहा नारळ उचलून पिशवीत घातले होते.

"देवाचे नारळ?" परशूनं विचारलं.

"खांद्याच्या बदली आलेले हायत. मग येऊ देत वाटंला."

निघाले. पुढं परशू, मागं महाबळेश्वर, बदलीला लखू. मागून बायका, कुणाच्या हातात गरम पाण्याची किटली, कुणाकडं जुनी लुगडी, कुणाकडं छत्री. अधूनमधून आतून दांडीला मयूरीचा हात लागायचा आणि दांडी थरथरायची. परशूला ती थरथर खांद्यातून थेट दातांपर्यंत कळत होती.

पहिल्या उतरंडीला महाबळेश्वर घसरला. दुसऱ्या उतरंडीला त्याच्या मांड्या लटपटायला लागल्या. "शिकवलं न्हाई हे, काका," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लखूनं दांडी घेतली, दगडांवरून ओढ्याच्या काठापर्यंत आला आणि तिथं गुडघ्यावर बसला. झोळी टेकली. मयूरी पहिल्यांदा ओरडली.

फुलानं नारळ फोडून तिच्या तोंडात पाणी घातलं. उरलेलं लखूला दिलं. "हा तुकारामाच्या घरचा खांदा," लखू म्हणाला आणि प्याला. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. पलीकडं अजून निम्मी वाट.

परशू दांडीजवळ उभा राहिला. महाबळेश्वरकडं पाहिलं, लखूकडं पाहिलं, मग पुन्हा वाटेकडं, जणू तिकडून कुणी येणार होतं. "कुणाला तरी शेजारच्या गावाला, कुणंगाला पाठवू. तिथं एक-दोन गडी असतील."

"जाऊन येईपत्तुर काय करायचं?" फुला म्हणाली. "हिला सांगू का, चतुर्थीपत्तुर थांब?"

मग तिनं पदर खोचला आणि दांडीच्या मागच्या टोकाला खांदा लावला. "राखे, फुडं लाग. सुमंगला, पाण्यात मधनं धर."

"बाईमाणसानं दांडी न्हाई धरायची," परशू म्हणाला. त्याचं त्यालाच ते दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखं ऐकू आलं. "याच दांडीवरनं मयत नेतो आपण. रिवाज हाय."

"तुमचा रिवाज गोव्याला गेलाय," फुला म्हणाली. "चतुर्थीला येईल तवा इचारा त्याला. सरका."

परशू सरकला.

बायकांनी झोळी उचलली आणि ती उचललीय असं वाटलंच नाही. रोज डोक्यावर ओल्या सरपणाचे भारे, भाताच्या पेंढ्या, पाण्याच्या घागरी. त्यांची चाल एका तालात पडत होती; पुढची दमली की मागची न सांगता खांद्याखाली शिरायची. ओढा त्यांनी बोलता बोलता पार केला. फुलाशिवाय सहा जणी होत्या, कधीच्या होत्या. परशू आपल्या लेकीच्या मागून रिकाम्या खांद्यानं धावत राहिला आणि आज सकाळपासून आपण काय केलं, हे त्याच्या मागून धावत राहिलं. तो एका पायावर कातळावर उभा होता, तेव्हा याच सहा जणी मांडावर उभ्या होत्या.

सडकेवर अँब्युलन्स थांबलेली होती. आतल्या नर्सबाईंनी मयूरीला तपासलं, पोटाला कान लावला, पुन्हा लावला. मग फुलाला आत घेतलं आणि दार ओढता ओढता त्या कुणाला उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "तासभर आधी निघाला असता तर."

मयूरी वाचली. पोट कापावं लागलं. पोरगा होता, पूर्ण वाढलेला, नखंसुद्धा आलेली. तो रडला नाही.

अनिकेत दवाखान्यात आला. तो परशूला काही बोलला नाही. बोलला असता तर परशूला बरं वाटलं असतं. माहेरी विश्रांती घ्यायची म्हणून बायकांनीच मयूरीला पुन्हा वर आणलं. यावेळी ढोल वाजला नाही आणि रिवाजाचं नाव कुणी काढलं नाही.

मग चतुर्थी आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तारखेला वाडी फुलून गेली. निखिल आला, फ्रीजवाले आले, चादरवाले आले, हॉटेलातल्या उरलेल्या पेढ्यांचे डबे आले. नवे बूट घातलेली धट्टीकट्टी पोरं मांडावर बसली. परशूनं सवयीनं मोजली. मोजून झाल्यावर उठून घरात गेला. पोरं एकेक करून मयूरीला भेटून आली आणि बाहेर येऊन उगाच मोबाईल बघत उभी राहिली.

गणपती गेल्यावर मयूरी म्हणाली, "बा, मी जाते तिकडं."

"टाके सुकूंदेत की."

"तिकडं सुकतील." आणि पिशवीची गाठ मारता मारता, "दुसरं झालं तर तिकडंच. आई येईल. तू नको येऊ."

तिला उतरवत नव्हतं. म्हणून पोरांनी झोळी बांधली. वीसच्या वीस जण दांडीला लागायला भांडले. खांदे इतके की निम्म्यांना नुसता हात लावून चालावं लागलं. ओढ्यात एकाचाही पाय घसरला नाही. परशूनं पोटाला सांगितली होती, अगदी तशी ती झोळी खाली उतरली. फक्त आरत्या कुणी म्हटल्या नाहीत.

सडकेवर रामनगरहून गोव्याची बस आली. अनिकेतनं मयूरीला चढवलं. मग तिच्या मागून निखिल चढला, त्याच्या मागून दुसरा, मग सगळेच. रजा संपली होती. महाबळेश्वरही चढला. नव्या एका कारखान्याला उभा राहणारा माणूस पाहिजे होता. चढण्याआधी प्रत्येकानं परशूच्या पुढ्यात एकेक नारळ ठेवला.

"पुढल्या वर्साचा, काका," निखिल म्हणाला. "वर्सभरात कधी खांदा लागला तर. आमी काय येऊ न येऊ."

बस गेली. खिडकीतून मयूरीचा हात दिसला की नाही, हे परशूला नक्की सांगता आलं नसतं. सडकेवर तो, फुला, लखू, राखी आणि सुमंगला उरले. आणि वीस नारळ.

हातांत इतके मावेनात. फुलानं कांबळं पसरलं. परशूनं नारळ त्यात एकेक करून ठेवले, हलक्या हातानं, आपटू नये असे. झोळी बांधली, दांडी घातली. पुढच्या टोकाला राखीनं खांदा लावला, मागच्या टोकाला फुलानं.

"थांब," परशू म्हणाला आणि फुलाच्या शेजारी दांडीखाली शिरला.

उचललं. त्यानं दोन पावलं टाकली आणि थांबला. वजन त्याला मयूरीएवढंच वाटलं. आतून दांडीला हात तेवढा लागत नव्हता.

"चला," फुला म्हणाली. "ओढ्याचं पाणी वाढतंय."