उतरत्या रेघा

“चाचा, हे सगळे देश वर चाललेत!”

माधुरी मॅडम जेवणाचा डबा हातात धरून भिंतीसमोर उभ्याच राहिल्या. शिडीवरून चांदभाई खाली बघून हसले. त्यांना वाटलं, शाबासकी मिळाली.

“मग? वरच जायला पायजेत की. पोरांची शाळा हाय.”

“अहो, पण कागदावर ते खाली येत होते! मी दिलेला कागद कुठंय?”

कागद खिशातच होता. घामानं थोडा ओला झाला होता, पण रेघा साफ दिसत होत्या. लक्झेंबर्ग, जर्मनी, पोलंड, फ्रान्स, स्वीडन, पाचही डावीकडून उजवीकडे उतरत आलेल्या. आणि भिंतीवर? ‘युरोपातील देशांचे दरडोई कार्बन उत्सर्जन’ असा मोत्यासारखा मथळा, आणि त्याखाली त्याच पाच रेघा, बाण लावून, आभाळाकडे निघालेल्या.

चूक नजरेची नव्हती, हाताचीही नव्हती. पस्तीस वर्षांच्या सवयीची होती. चांदभाईंनी बेलापूर पंचक्रोशीत पतसंस्था रंगवल्या, दूध डेअऱ्या रंगवल्या, कारखान्याच्या गेटावरचे प्रगतीचे आलेख रंगवले. एकाही आलेखाची रेघ खाली आली नव्हती. एकदा एका चेअरमनसाहेबांनी जरासा खळगा बघून शिडीवरून उतरवलं होतं, “अरे, हा अपशकुन कशाला?” तेव्हापासून कागदावर कुठं उतार दिसला, की चांदभाई भल्या मनानं तो सरळ करून टाकत. विचारतबिचारत नसत. आणि मथळ्याचं म्हणाल, तर अक्षर रंगवणारा माणूस अक्षराचं वळण बघतो. त्याचा अर्थ बघायला त्याला सवड कुठली?

“हे वाढणं चांगलं नाही चाचा,” मॅडम म्हणाल्या. “एका माणसाच्या वाट्याला वर्षाला किती धूर येतो, त्याचा हा हिशेब आहे. कमी झालेला चांगला.”

चांदभाई खाली उतरले. तेवढ्यात मोठे सर आले. मुख्याध्यापकांना शाळेत सगळे मोठे सरच म्हणत. चारही भिंतींना फ्लेक्स लावावा असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं. मॅडमनी हट्ट धरला म्हणून एक भिंत चांदभाईंना मिळाली होती. ती जमली तर बाकीच्या तीन. दोन वर्षांत ब्रशला असं मोठं काम लागलं नव्हतं आणि पुन्हा लागेल याची खात्री नव्हती. चांदभाईंनी नवे ब्रश आणले होते.

सरांनी कागद बघितला, भिंत बघितली.

“मॅडम, बाकीच्या तीन भिंतींचा फ्लेक्स मी सांगून टाकतो. तिथं कागदावर आहे तसंच येतं.” मग थोडं नरमून म्हणाले, “हीसुद्धा राहू द्या चांदभाई. हिच्यावर पण फ्लेक्सच मारू.”

चांदभाईंचं तोंड एवढंसं झालं. फार लागलं त्यांना. हातानं दगा दिला असता तर एक वेळ चाललं असतं. भलं करायला गेलो आणि चुकलो, याला काय म्हणायचं?

“न्हाई सर,” ते म्हणाले. “तीन भिंतींचं तुमी बघा. पन चुकलेली रेघ मागं ठिवून मी आजवर काम सोडलं न्हाई. उद्या रविवार हाय. मी नीट करून देतो. मग वरून काय मारायचं ते मारा.”

रविवारी शाळा सुनसान होती. सकाळीच त्यांनी जुन्या रेघांवर पांढऱ्याचे दोन हात दिले. तो वाळेपर्यंत पायरीवर बसले आणि कागद पहिल्यांदाच वाचला. माधुरी मॅडम दुपारी चहा घेऊन आल्या, तेव्हा चांदभाईंच्या पोटात प्रश्न मावत नव्हते.

“मॅडम, धूर तोलतात कसा?”

“तोलत नाहीत. कोळसा, डिझेल किती जाळलं ते मोजतात, त्यावरून काढतात. एक लीटर डिझेलमागे अडीच किलोच्या वर वायू निघतो.”

“लीटरभर डिझेल किलोबी भरत न्हाई. त्यातनं अडीच किलो?”

“जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो ना. त्याचं वजन धरून.”

“आयला!” चांदभाई म्हणाले, आणि मॅडमसमोर शब्द गेला म्हणून जीभ चावली. “अन् हे टन म्हंजे आपले उसाचे टन?”

“तेच.”

मग त्यांना सगळं लख्ख दिसलं. तीसेक वर्षांमागं जर्मनीतला एकेक माणूस तेरा टन, म्हणजे ट्रॉलीभर उसाइतका धूर सोडत होता. आता सातावर आलाय. पोलंडवाला कोळशावर बसलेला, म्हणून सावकाश उतरतोय. स्वीडनवाला चाराच्याही खाली.

“अन् ह्यो लक्झेंबर्ग? तिसावरनं आला तरी अजून दहावर. येवढासा देश, येवढं जाळतो काय?”

“तिथं डिझेल स्वस्त. शेजारच्या देशांतले ट्रकवाले तिथं टाकी भरून पुढं जातात. विकलं तिथं, म्हणून हिशेब त्यांच्या नावावर.”

“म्हंजे आपल्या शिंगणापूरसारखं! येनार जगभरचं लोक अन् कचरा गावाच्या नावावर.”

मॅडम हसल्या. चांदभाईंनी निळीत भिजवलेला दोरा ताणून टिचकी मारली, चौकटी आखल्या आणि रेघा एकेक करून खाली आणल्या. उतरती रेघ हाताला जड गेली. सवय नव्हती. पण चारच्या सुमारास पाचही देश आपापल्या जागी येऊन टेकले. चांदभाई मागं सरकून बघत राहिले.

“मॅडम, आपन कुठं?”

“आपण युरोपात नाही चाचा.”

“ते ठावं हाय. पन पोरं इचारतील की.”

मॅडमनी मोबाईल काढला. “तीस वर्षांपूर्वी पाऊण टनसुद्धा नाही. आता दोन.”

म्हणजे बैलगाडीभर ऊस. चांदभाईंनी डब्यातला तांबडा ढवळला. भारताची रेघ इतकी खाली होती, की भिंतीला टेकून कोपरावर आडवं व्हावं लागलं. ही मात्र चढत होती.

“ही चढतीय ते चांगलं का वाईट?”

“घरात गॅस आला, पंखा आला, म्हणून चढली. ते चांगलंच. पण त्यांच्याएवढी वर जायला नको.”

बायकोनं, जहिरानं, वीस वर्षं चुलीपुढं डोळे चोळले होते, ते चांदभाईंना आठवलं. रेघ त्यांनी फार जपून पुढं नेली. उजव्या कोपऱ्याशी ब्रश थांबला. तिथं शुक्रवारीच लिहिलेलं होतं, ‘चांद आर्ट्स, बेलापूर’. रेघ बरोबर त्याच्यावरून जात होती.

“नाव वर घ्या ना चाचा.”

“वर स्वीडन हाय.”

“मग रेघ थोडी अलीकडं थांबवा.”

“म्हंजे पुन्हा चुकवू?”

त्यांनी पांढऱ्याचा ब्रश उचलला. दोन हातांत नाव पांढऱ्याखाली गेलं. वाळायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ते तिथंच बसून होते. मग तांबडी रेघ शेवटच्या वर्षापर्यंत गेली.

सोमवारी तीन भिंतींवर फ्लेक्स चढले. प्रत्येकावर छापणाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर ठळक होता. चौथा फ्लेक्स मोठ्या सरांनी गुंडाळून कपाटावर ठेवून दिला.

पण ती गोष्ट दुसऱ्या दिवशीची. रविवारी संध्याकाळी सायकलला शिडी बांधून चांदभाई घरी आले. जहिरा भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं नेहमीचाच प्रश्न विचारला,

“नाम डाले ना?”

चांदभाई नळावर हात धूत होते. बोटांच्या पेरांत तांबडा अडकला होता, तो निघत नव्हता.

“डाल्या,” ते म्हणाले. “सबके नीचे.”