पंधरा फूट सात इंच

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी दुकानात एका गेटचं वेल्डिंग करत होतो. नर्स म्हणाली, "लगेच या." ते 'लगेच' कशासाठी, ते मला समजलं. तरी हातातला जोड मी पुरा केला. बायको गेली आणि हा जोड मारत बसला, असा माणूस आहे मी.

ती शाळेत गणित शिकवायची. पोरं तिला काटकोनबाई म्हणायची. मी सातवी नापास, पण सुनावायला मीच पुढे. "एक कोन आणि एक बाजू दिली की दुसरी बाजू निघते म्हणे. अगं, टेप लावावा, मोजावं. डोकं कशाला शिणवायचं?"

ती म्हणायची, "अहो, जी बाजू अजून बनलीच नाही, तिला टेप कुठे लावणार?"

शाळेच्या वरच्या वर्गासाठी बाहेरून लोखंडी जिना करायचं काम माझ्याकडे होतं. उंची दहा फूट, चढ चाळीस अंशांचा. पायऱ्या ज्यांवर बसतात त्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या लोखंडी चॅनेलची लांबी तिने खाटेवर पडल्या पडल्या काढली, तपासणीच्या कागदाच्या मागे. पंधरा फूट सात इंच. तिचं ते शेवटचं गणित.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी लोखंड घेऊन शाळेत गेलो. तिच्या जागी आलेले नवे सर अंगणात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात कॅल्क्युलेटर. कागद बघून हसले.

"मामा, हे चुकलंय. दहा भागिले साइन चाळीस. तेरा फूट पाच इंच येतंय."

"परत बघा."

"तीनदा बघितलं. मशीन खोटं बोलत नाही. बाई आजारी होत्या ना, होतं असं."

हेडबाई शेजारीच होत्या. घरी भेटायला आल्या तेव्हा रुमाल ओला करून गेल्या होत्या. आता म्हणाल्या, "दादा, सर सांगतात तसं कापा. बाईंचं आम्हालाही वाईट वाटतंच."

वाईट वाटून घ्यायला यांचं काय जातं? चॅनेल वाया गेलं असतं तर दुसरं आणलं असतं. पण तिचं शेवटचं उत्तर चूक ठरवून ही माणसं चहाला निघाली होती.

मी वर्गातून फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक आणला. आमच्या धंद्यात शंका आली की जिना आधी जमिनीवर काढतात, अख्ख्या मापाचा. फरशीवर खडूने सरळ रेघ मारली. एका टोकाला चाळीसचा कोन धरून सुतळी ताणली. मग काटकोनाचा गुण्या लावून, सुतळी त्या रेघेपासून बरोबर दहा फुटांवर जिथे येते, तिथे खूण केली.

"धरा टेप," मी सरांना म्हणालो. इस्त्री सांभाळत ते उकिडवे बसले.

"वाचा मोठ्याने."

"पंधरा... सात. जवळजवळ सात."

त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, बराच वेळ बटणं दाबली. मग हळूच म्हणाले, "अंशांवर नव्हतं हे. रेडियनवर, कोनाच्या दुसऱ्याच मापावर राहिलं होतं."

"म्हणजे तुमच्या मशीनला चाळीस म्हटलेलं कळलंच नाही."

हेडबाई घड्याळ बघायला लागल्या. बाईंचं बरोबर होतं, एवढं काही दोघांच्या तोंडून निघालं नाही.

सरांची कीव करत मी लोखंड कापलं. पण त्यांनी एकदाच हसून घेतलं. मी तीस वर्षं हसलो. आणि तिचं बरोबर आहे हे दाखवायलाही मला शेवटी टेपच लागला. त्या कागदावर तिने लिहिलेलं, अमुक भागिले तमुक, मला आजही वाचता येत नाही.

जिना बसला, कडेला तूर्त बांबू बांधलेत. पोरं धाडधाड चढतात, उतरतात. सर परवा दुकानात आले, म्हणाले, "मामा, कठड्याच्या तिरक्या पट्ट्यांची मापं काढून देऊ का?"

"नको," म्हणालो.

कागदावर कठड्याची नुसती आकृती आहे. तिची मापं काढायची राहिली. कठडा अजून व्हायचा आहे.