जहाज पोचेपर्यंत

लीलाबाईंनी जहाज पाहिलं ते निरवांगी गावातल्या आपल्या घराच्या सोप्यात बसून, लेकीच्या, राजलक्ष्मीच्या फोनवर. तिकडं मुंबईच्या धक्क्यावर सून मोना फोन उंच धरून उभी होती, आणि तिच्या कडेवरची छकुली सारखी मध्ये हात घालत होती. तटरक्षक दलाचं पांढरं जहाज, त्याच्या कडेनं ओळीत उभी राहिलेली पांढऱ्या कपड्यांतली पोरं, बँड, रडणाऱ्या बायका आणि रडत नाही असं दाखवणाऱ्या बायका. आफ्रिकेपर्यंत जाऊन यायचं होतं, महिने लागणार होते. त्या ओळीत आपला राजवर्धन कुठला, हे लीलाबाईंना काही केल्या ओळखू येईना. सगळी सारखीच.

"ते बघा आई, त्या टोकाला!" मोना ओरडली. तोवर जहाज सुटलं, छकुलीचा तळवा पडद्यावर आला आणि फोन बंद झाला.

राजलक्ष्मीनं डोळे पुसले आणि केरसुणी हातात घेतली. सोप्यात लसणाची टरफलं पसरली होती.

"ठिव ती," लीलाबाई म्हणाल्या. "दादा पोचला न्हाय आजून."

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही रीत त्यांना सासूनं घालून दिली होती. ऊस बैलगाड्यांनी कारखान्याला जायचा, तेव्हाची गोष्ट. गाड्या पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरोघर केर तसाच असायचा, आणि कुणी कुणाला नावं ठेवत नसे. पुढं एसटी आली, फोन आले, तशी ती रीत अर्ध्या दिवसावर आली. सुट्टी संपवून राजवर्धन सकाळी निघाला की दुपारी त्याचा फोन यायचा, आणि लीलाबाई उठून झाडायला घ्यायच्या.

"आगं, पण त्यो मुंबईतनं निघालाय," त्यांचे यजमान संभाजीराव म्हणाले.

"त्याचं घर हितं हाय."

"जहाजाला पयल्या बंदराला पोचायलाच आठवडा लागंल. आन् रविवारी माळेगावची पावनी येत्यात हिला बघायला. त्यांना काय उकिरड्यात बसवायचं?"

माळेगावच्या रणजितचं स्थळ सगळ्यांच्या मनात भरलं होतं, राजलक्ष्मीच्या तर जास्तच. पोरगा पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची काढत होता आणि फोनवर तिच्याशी नीट बोलला होता. फक्त त्याची आई, आक्काबाई, फार टापटिपीची, असं सगळे ऐकून होते.

"आई, ओल्या फडक्यानं पुसलं तर चालंल का गं?" शनिवारी राजलक्ष्मीनं विचारलं.

"पुसनं म्हंजे झाडन्याची थोरली भन."

"मग माझं लगीन मोडू दे!" पोरगी रडवेली होऊन आत गेली. दोन वेळा लीलाबाई केरसुणीपर्यंत गेल्या, दोन्ही वेळा डोळ्यांपुढं नुसतं पाणी आलं, काठ नसलेलं. त्या तशाच माघारी फिरल्या.

रविवारी पाहुण्यांना त्यांनी अंगणात चिंचेखाली खाटा टाकून बसवलं. पोहे झाले, चहा झाला. आक्काबाई उठल्या. "घर बघू की तुमचं."

राजलक्ष्मीनं मान खाली घातली. संभाजीराव घाईनं म्हणाले, "आत जरा रंगाचं काम—"

"रंगाचं काय न्हाय," लीलाबाई म्हणाल्या. "माझं पोरगं जहाजावर गेलंय. त्यो पोचल्याबिगर मी झाडत न्हाय. यात पोरीची काय चूक न्हाय, ती रोज भांडतीया माझ्यासंगं."

आक्काबाईंनी लुगड्याचा काठ उचलला, उंबरा ओलांडला आणि टरफलं, धूळ, छपरातनं पडलेला भुसा सगळं निरखून पाहिलं.

"जहाजावर तुमचं एकलंच हाय व्हय?"

"न्हाय. शंभरेक असत्याल."

"मग त्या समद्यांच्या आया अशाच बसल्यात का? कोन केरळची, कोन कुठली. त्यातल्या एकीनं जरी झाडलं आसंल, तर? जहाज तर एकच."

हे लीलाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना जहाजाच्या कडेची ती ओळ आठवली, सगळी सारखी दिसणारी पोरं. त्यांतलं आपलं कुठलं हे कळलंच नव्हतं, तर बाकीच्यांना वगळणार तरी कसं?

"त्यांच्यात रीत नसंल," त्या सावकाश म्हणाल्या. "मग त्यांचं बी मीच पाळते. ह्यो केर समद्यांचा धरा."

आक्काबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "बया, बया! शंभर पोरांचा केर एकल्या बाईच्या घरात!" आणि जाताना राजलक्ष्मीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरं पोचली की फोन करा, इहीनबाई. तवाच सुपारी फोडायचा दिस धरू. आदी ती पोचू द्या."

'इहीनबाई' ऐकून राजलक्ष्मी आत पळाली.

फोन आला तेव्हा लीलाबाई गोठ्यात होत्या. पलीकडं वारा घोंघावत होता, माणसांचा गलका होता.

"आई, पोचलो गं. बंदरातनं बोलतोय. कशी हायस?"

"माझं ऱ्हाऊ दे. समदी पोचली का? ती केरळची, तिकडची... समदी?"

राजवर्धन हसायला लागला. "आगं, एकाच जहाजात हाय की आमी!"

"तरी बी एकदा मोजून सांग," लीलाबाई म्हणाल्या.